नाव सापडेल तिथेच तोडावे

(जालना येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणिताचे शिक्षक होते. भूमितीची सिद्धता लिहिताना डावीकडे विधान आणि उजवीकडे कारण, ही आपल्या शालेय गणिताची शिस्त. सरांच्या वर्गात उत्तर बरोबर आले तरी कारणाचा रकाना रिकामा असेल तर गुण मिळत नसत. आजचा माझा विषय संगणकाच्या प्रोग्रामचा आहे. सभागृहात शेतकरी आहेत, बियाण्यांचे व्यापारी आहेत, पोलाद कारखान्यांतले लोक आहेत आणि मागच्या रांगांमध्ये संगणक शिकणारी मुले-मुली आहेत. बोलणे सगळ्यांना कळावे अशी माझी इच्छा आहे, कारण हा विषय फक्त प्रोग्रामरांचा राहिलेला नाही. आपला सातबारा, पीककर्ज, रेशन आणि परीक्षेचे निकाल आज कोणीतरी लिहिलेल्या कोडमधूनच आपल्यापर्यंत पोहोचतात.

संगणकाने काय करावे हे सांगणारा मजकूर म्हणजे कोड. तो तुकड्यातुकड्यांनी लिहितात. त्या तुकड्याला मेथड किंवा फंक्शन म्हणतात. प्रत्येक मेथडला नाव असते आणि ते नाव घेतले की आतले काम होते. काही मेथड पाच ओळींच्या असतात, काही हजार ओळींच्या. हजार ओळींची मेथडही चालते, संगणक कुरकुर करत नाही. कुरकुरतो तो ती वाचणारा माणूस. नियम बदलला, चूक सापडली, नवी योजना आली की त्या हजार ओळींत त्यालाच उतरावे लागते. अशा लांब मेथडचे काम जराही न बदलता तिची रचना सुधारणे, तिच्यातून लहान आणि नीट नावाच्या मेथड वेगळ्या काढणे, याला रिफॅक्टरिंग म्हणतात.

पुष्कळ जण याकडे हात मोकळा असताना करायची टापटीप म्हणून पाहतात. मला ते कोड समजून घेण्याचे मुख्य काम वाटते. कुठे तोडायचे याची माझी कसोटीही एकच आहे. तोडलेल्या तुकड्याला खरे आणि नेमके नाव देता आले पाहिजे. नाव सापडले तर तोडावे. सापडत नसेल तर आपल्याला तो भाग अजून समजलेला नाही असे धरावे आणि आणखी वाचावे.

जांबच्या सुपुत्राची रचना

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करतो. घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी १६०८ साली नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचा जन्म झाला. पुढे महाराष्ट्राने त्यांना समर्थ रामदास म्हणून ओळखले. दासबोधातला परमार्थ सांगण्याचा माझा अधिकार नाही. मला त्याच्या बांधणीकडे लक्ष वेधायचे आहे.

सुमारे ७,७५० ओव्यांचा हा ग्रंथ. त्याचे २० दशक, प्रत्येक दशकात १० समास, म्हणजे २०० समास. हा हिशेब समर्थांनी ग्रंथाच्या शेवटच्या समासात स्वतःच सांगितला आहे आणि वाचणाऱ्याने सावकाश पाहावे असेही सुचवले आहे. प्रत्येक दशकाला नाव आहे, प्रत्येक समासालाही नाव आहे आणि समास संपताना त्याचे नाव व क्रमांक नोंदवलेला आहे. पहिल्या दशकाचा पहिला समास ग्रंथारंभाचा. ग्रंथाचे नाव काय, संवाद कोणाचा, आत काय काय सांगितले आहे, हे तिथेच कळते. तो एक समास वाचणाऱ्याला पुढे कशासाठी कुठे जायचे ते समजते.

दुसऱ्या दशकाची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. पहिला समास मूर्खलक्षणाचा, दहावा पढतमूर्खलक्षणाचा. मूर्खांची एकच लांबलचक यादी करून त्यात शिकलेल्या मूर्खांना घुसवता आले असते. समर्थांनी तसे केले नाही. शिकूनही मूर्ख राहिलेला माणूस ही वेगळी जात आहे, हे त्यांना दिसले आणि तिला त्यांनी वेगळे नाव आणि वेगळा समास दिला. रजोगुण, तमोगुण आणि सत्त्वगुण यांनाही असाच एकेक स्वतंत्र समास आहे. तोडण्याची जागा ओव्यांच्या संख्येवरून ठरलेली नाही, म्हणून समास लहान-मोठे आहेत. जिथे एक विचार पुरा होतो आणि त्याला नाव देता येते, तिथे समास संपतो.

एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे काढावे, ओळी कशा राखाव्यात, पानाच्या कडेचा समास किती सोडावा, अशा अगदी हाताच्या कामाच्या सूचना त्यात आहेत. त्यांतली एक सूचना प्रत्येक प्रोग्रामरने मनाशी धरावी अशी आहे. तरुणपणी फार बारीक अक्षर काढले तर ते म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून मध्यम अक्षराची सवय करावी, असे समर्थ सांगतात. आज लिहिणारा उद्या वाचणारा असणार आहे आणि तेव्हा त्याची नजर आजच्यासारखी नसणार, हे भान साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या सूचनेत आहे. सगळा प्रोग्राम डोक्यात ताजा असताना लिहिलेली हजार ओळींची मेथड हे ते बारीक अक्षर. सहा महिन्यांनी ती आपल्यालाच वाचवत नाही.

तोडण्याचा इतिहास

प्रोग्रामचे तुकडे करण्याची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. पुन्हा पुन्हा लागणारी कामे दर वेळी नव्याने लिहिण्यात वेळ जातो आणि चुकाही होतात, हे त्या मंडळींच्या लवकरच लक्षात आले. डेव्हिड व्हीलर यांनी एका कामातून दुसऱ्या कामात जाऊन परत मूळ जागी येण्याची युक्ती बसवली. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांचे १९५१ चे पुस्तक अशा तयार तुकड्यांच्या संग्रहावरच उभे आहे. तेव्हाचा हेतू मुख्यतः श्रम वाचवण्याचा होता. एकदा लिहायचे आणि अनेकदा वापरायचे.

पुढचा मोठा विचार १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी मांडला. प्रोग्रामचे भाग कामाच्या क्रमाने पाडू नका, असे त्यांनी सांगितले. आधी वाचा, मग हिशेब करा, मग छापा, असे भाग पाडले की एक निर्णय बदलताना सगळे भाग बदलावे लागतात. त्याऐवजी उद्या बदलू शकेल असा प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकून ठेवा. मग तो बदलला तरी बाकीच्यांना कळण्याचेही कारण नाही.

हा सल्ला न पाळल्याची किंमत मराठी प्रोग्रामरांच्या एका पिढीने स्वतः मोजली आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात हजारो तरुण परदेशी बँकांचे आणि विमा कंपन्यांचे कोबोल भाषेतले जुने प्रोग्राम वाचत बसले होते. जागा वाचवण्यासाठी त्या प्रोग्रामांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवलेले असत, त्यामुळे २००० साल १९०० समजले जाण्याची भीती होती. दुरुस्ती एकेका ठिकाणी अवघड नव्हती. अवघड होते ते ठिकाण शोधणे. तारखेची वजाबाकी कुठे व्याजाच्या हिशेबात, कुठे वयाच्या, कुठे छपाईच्या मजकुरात मिसळलेली असे. कोबोलमध्ये मजकुराचे नावाचे परिच्छेद करून त्यांना नावाने बोलावण्याची सोय पहिल्यापासून आहे. दोन तारखांमधले अंतर काढण्याचे काम जिथे अशा एका नावाखाली ठेवलेले होते, तिथे दुरुस्तीही एकाच जागी झाली. जिथे नव्हते, तिथे ओळ न् ओळ चाळावी लागली.

एक मेथड जवळून

आता एक उदाहरण जवळून पाहू. डिसेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर केली. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेले पीककर्ज, ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुद्दल आणि व्याज मिळून २ लाख रुपयांपर्यंतची थकबाकी, या मुख्य अटी. काही गट वगळलेले. आजी-माजी मंत्री, आमदार, खासदार. शासकीय कर्मचारी, पण चतुर्थ श्रेणी सोडून. शेतीबाहेरच्या उत्पन्नावर प्राप्तिकर भरणारे. महिन्याला २५,००० रुपयांहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे, पण माजी सैनिक सोडून. योजनेच्या अटी आणखीही आहेत, समजायला सोपे जावे म्हणून मी एवढ्याच घेतो. खालचा कोडही मी समजावण्यापुरता रचलेला आहे, तो कोणत्याही कार्यालयातला नाही.

घाईत लिहिणाऱ्याच्या मेथडमध्ये मधेच अशा ओळी दिसतात :

जर (श.नि > २५००० आणि श.मा == ०) किंवा (श.नो == १ आणि श.वर्ग != ४) किंवा श.प्रा == १ किंवा श.लो == १
    पा = ०

याच्या वर तारखांच्या अटी, त्याच्या वर खाते शोधण्याच्या ओळी, खाली यादी छापण्याच्या ओळी. सगळे एकाच मेथडमध्ये. तिचे नाव काय? बहुतेक वेळा ‘प्रक्रिया’ किंवा ‘तपासणी’. कोड चालतो, बरोबर उत्तरही देतो. पण ‘मा’ म्हणजे माजी सैनिक हे लिहिणारा सोडून कोणाला कळणार? आणि नोकरी सोडून तो पुण्याला किंवा बंगळुरूला गेला तर?

तेच काम असे लिहू :

कर्जमुक्तीस_पात्र(शेतकरी, खाते) :
    मुदतीतले_पीककर्ज(खाते)
    आणि मर्यादेतली_थकबाकी(खाते)
    आणि नाही वगळलेल्या_गटातला(शेतकरी)

वगळलेल्या_गटातला(शेतकरी) :
    लोकप्रतिनिधी(शेतकरी)
    किंवा नोकरीमुळे_वगळलेला(शेतकरी)
    किंवा प्राप्तिकरदाता(शेतकरी)
    किंवा निवृत्तिवेतनामुळे_वगळलेला(शेतकरी)

निवृत्तिवेतनामुळे_वगळलेला(शेतकरी) :
    मासिक_निवृत्तिवेतन(शेतकरी) > २५०००
    आणि नाही माजी_सैनिक(शेतकरी)

पहिल्या चार ओळी सोसायटीच्या गटसचिवाला वाचून दाखवा. प्रोग्रामिंगचा गंध नसला तरी तो सांगेल की हे शासननिर्णयाप्रमाणे आहे की नाही. माजी सैनिकाची सूट विसरली असती तर तिसऱ्या मेथडमध्ये ती चूक चटकन त्याच्या लक्षात आली असती. ज्याला नियम माहीत आहे त्याला कोड वाचता येणे, ही लहान मेथडची सर्वांत मोठी कमाई आहे. पायथॉनसारख्या भाषेत २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नावे चालतात, म्हणजे हे फळ्यापुरतेच राहात नाही.

इथे सरांना आवडला असता असा एक हिशेब करू. आपण घेतलेल्या अटी सुट्या मोजल्या तर दहा हो-नाही प्रश्न होतात. पीककर्ज आहे का, मुदतीतले आहे का, थकीत आहे का, मर्यादेत आहे का, लोकप्रतिनिधी आहे का, शासकीय कर्मचारी आहे का, चतुर्थ श्रेणीत आहे का, प्राप्तिकर भरतो का, निवृत्तिवेतन २५,००० च्या वर आहे का, माजी सैनिक आहे का. सगळे प्रश्न एकाच मेथडमध्ये असतील आणि ती पूर्ण तपासायची असेल, तर दोनाचा दहावा घात, म्हणजे १,०२४ शक्यता पाहाव्या लागतात. आता तोडलेली रचना घ्या. कर्जाचे दोन प्रश्न, चार शक्यता. थकबाकीचे दोन, चार शक्यता. नोकरीचे दोन, चार. निवृत्तिवेतनाचे दोन, चार. वगळलेल्या गटाच्या मेथडमध्ये चार प्रश्न, सोळा शक्यता. सर्वांत वरच्या मेथडमध्ये तीन प्रश्न, आठ शक्यता. बेरीज ४०. हे सगळे तुकडे एकमेकांच्या आत डोकावत नाहीत, म्हणूनच ही बेरीज करता येते. थॉमस मकेब यांनी १९७६ साली मेथडमधल्या स्वतंत्र वाटा मोजण्याचे एक माप दिले आणि दहापर्यंतची मर्यादा सुचवली. १,०२४ शक्यता कोणी तपासत नाही, ४० दुपारभरात तपासून होतात. तपासलेला आणि न तपासलेला कोड यांतला फरक इथे पडतो आणि त्याचा चटका शेवटी एखाद्या शेतकऱ्याच्या खात्याला बसतो.

तोडताना पाळायचे पथ्य

लांब मेथड दिसली की कात्री चालवायची, असे करून भागत नाही. रिफॅक्टरिंगची पहिली अट ही की प्रोग्राम पूर्वी जे करत होता तेच त्याने नंतर करावे. या अटीचा शास्त्रीय अभ्यास विल्यम ऑपडाइक यांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात केला, त्यांचा प्रबंध १९९२ चा. वागणूक बदलली नाही असे कधी म्हणता येते, त्यासाठी आधी कोणत्या गोष्टी तपासल्या पाहिजेत, हे त्यांनी मांडले. त्याच विद्यापीठातल्या जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी हे काम करणारे साधन बनवले. मार्टिन फाउलर यांचे १९९९ चे पुस्तक हे ज्ञान रोजच्या प्रोग्रामरपर्यंत घेऊन गेले. लांब मेथड हे कोड बिघडत चालल्याचे एक ठळक लक्षण, असे त्यात नोंदवले आहे आणि मेथड वेगळी काढण्याची रीत पायरीपायरीने दिली आहे.

ती रीत थोडक्यात सांगतो. आधी वेगळ्या काढायच्या भागासाठी रिकामी मेथड करा आणि तिला नाव द्या. नाव ‘कसे करते’ यावरून नसावे, ‘काय साधते’ यावरून असावे. मग त्या ओळी नव्या मेथडमध्ये उतरवा. त्या ओळी बाहेरची कोणती मूल्ये वाचतात ते पाहा, ती नव्या मेथडला बाहेरून द्यावी लागतील. त्या ओळी कोणते मूल्य बदलतात ते पाहा, ते परत करावे लागेल. बदलणारे मूल्य एक असेल तर काम सरळ आहे. तीन-चार असतील तर थांबा, कारण बहुधा तुम्ही चुकीच्या जागी तोडत आहात. शेवटी मूळ ओळींच्या जागी नव्या नावाची एक ओळ लिहा आणि टेस्ट, म्हणजे प्रोग्रामची उत्तरे आपोआप ताडून पाहणारा कोड, चालवा. टेस्ट उत्तीर्ण झाली की पुढचा तुकडा. एका वेळी एकच.

टेस्टच नसतील तर? जुन्या कोडच्या बाबतीत बहुधा नसतातच. मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या पुस्तकात यावर उपाय सांगितला आहे. प्रोग्रामने काय करायला हवे होते याच्या वादात आधी पडू नका. आज तो काय करतो ते टेस्टमध्ये नोंदवून ठेवा, अगदी चुकीचे वागत असला तरी. ही नोंद हाताशी आली की मोडतोड निर्धास्त करता येते आणि चूक सुधारायची असेल तर ती पुढचे, वेगळे पाऊल म्हणून. रचना सुधारणे आणि वागणूक बदलणे ही दोन कामे एकाच बैठकीत करू नयेत, हे पथ्य मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात सांगतो.

आजकाल पाच-सहा ओळी निवडून एक आज्ञा दिली की कोड लिहिण्याचे साधन, म्हणजे एडिटर, स्वतः मेथड वेगळी काढून देतो. कोणती मूल्ये आत जायची, कोणते बाहेर यायचे, हेही तोच ठरवतो. नावाची जागा मात्र तो रिकामी ठेवतो किंवा तिथे काहीतरी भरून देतो. ते काम माणसाचे आहे.

आक्षेप

या सगळ्यावर दोन आक्षेप नेहमी येतात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला वेगाचा. मेथडला बोलावण्यात वेळ जातो, मग शंभर मेथड केल्या तर प्रोग्राम मंदावेल. एडसॅकच्या काळात या म्हणण्यात तथ्य होते. आजचे कंपायलर, म्हणजे कोड यंत्रभाषेत उतरवणारे प्रोग्राम, लहान मेथड बोलावण्याच्या जागीच उलगडून टाकतात. उलट फार मोठ्या मेथडचेच नुकसान होते. जावा भाषेत एका मेथडच्या बाइटकोडला, म्हणजे कोड आणि यंत्रभाषा यांच्या मधल्या रूपाला, सुमारे ६४ किलोबाइटची कमाल मर्यादा आहे. जावाचे हॉटस्पॉट हे यंत्र तर ८,००० बाइटांहून मोठी मेथड, वेगळे सांगितल्याशिवाय, वेगवान यंत्रभाषेत उतरवतच नाही. लांबी वाढवून वेग मिळवायला निघालेला माणूस तिथे वेगच गमावून बसतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१८ च्या पुस्तकात असे मांडले की मेथड फार बारीक केल्या तर वाचणाऱ्याचे ओझे वाढते. दोन-दोन ओळींच्या वीस मेथड असतील तर त्याला वीस ठिकाणी उड्या माराव्या लागतात, आणि एक समजायला दुसरी उघडावी लागत असेल तर तोडून मिळवले काय? हा आक्षेप मला मान्य आहे. मोठ्या मेथडच्या भीतीने मुले कधी कधी ‘भाग_१’, ‘भाग_२’, ‘उरलेले_काम’ अशा मेथड करतात. ओळी कमी झाल्या, समज वाढली नाही.

इथेच नावाची कसोटी कामाला येते. ‘भाग_२’ हे नाव वाचून आत काय आहे ते कळत नाही, म्हणून आत जावेच लागते. ‘मर्यादेतली_थकबाकी’ वाचल्यावर आत जाण्याची गरज उरत नाही. मर्यादाच बदलली असेल तर जायचे. चांगले नाव वाचणाऱ्याची उडी वाचवते. नावात ‘आणि’ आले, ‘तपासा_आणि_नोंदवा’ असे काही झाले, तर तिथे दोन कामे आहेत. नावाला चार-पाच शब्द लागत असतील आणि तरीही अर्थ पुरा होत नसेल, तर तुकडा अर्धवट तुटला आहे. नाव दिले आणि आतल्या ओळी त्याहून जास्त काहीतरी करत असतील, समजा ‘पात्र’ नावाची मेथड गुपचूप यादीत नोंदही करत असेल, तर ते नाव खोटे आहे. खोट्या नावाची लहान मेथड लांब मेथडहून घातक, कारण लांब मेथड वाचताना माणूस निदान सावध असतो.

मग लांबीला काहीच मर्यादा नाही का? आहे, पण ती धोक्याच्या खुणेसारखी वापरावी. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली अतिमहत्त्वाच्या प्रोग्रामांसाठी दहा नियम दिले. त्यांतल्या एका नियमाप्रमाणे एक फंक्शन छापील कागदाच्या एका पानावर मावले पाहिजे, म्हणजे सुमारे ६० ओळी. लिनक्सच्या लेखनसंकेतातही फंक्शन पडद्याच्या एक-दोन पानांत मावावे आणि त्याने एकच काम नीट करावे, अशी अपेक्षा आहे. साठावी ओळ आली की ‘इथे दुसरे नाव दडले आहे का?’ असे विचारायचे. दडलेले नसेल तर पासष्ट ओळी राहू द्याव्यात.

न विचारल्याचा परिणाम २०१४ च्या फेब्रुवारीत जगाने पाहिला. ॲपलच्या फोन आणि संगणकांमध्ये सुरक्षित जोडणीची खात्री करणाऱ्या एका फंक्शनमध्ये, चूक आढळल्यास शेवटाकडे उडी मारा, ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. पहिलीला अट लागू होती, दुसरीला नव्हती. त्यामुळे उडी नेहमीच पडे, खरी तपासणी मागे राही आणि उत्तर मात्र ‘सगळे ठीक’ असे येई. एकाच घाटाच्या पायऱ्या एकाखाली एक येत गेल्या की नजर सरावते आणि घसरते. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या अभियंत्यांची नजर घसरू शकते, तर रात्री दोन वाजता एकट्याने काम करणाऱ्या आपल्या मुलाची का घसरणार नाही?

जालन्यात काय करता येईल

श्रोतेहो, मी हे जालन्यात मुद्दाम सांगतो आहे. आपल्या मुलांना पुण्यात नोकरी मिळते तेव्हा पहिल्या दिवशी कोरे पान समोर येत नाही. समोर येतो दुसऱ्याने लिहिलेला, दहा-पंधरा वर्षे वाढत गेलेला कोड. तो वाचणे, समजणे आणि न मोडता सुधारणे हेच त्यांचे पहिल्या काही वर्षांचे काम असते. आपण त्यांना शिकवतो मात्र फक्त नवे लिहायला. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तयार होतो, परीक्षक येतात, प्रोग्राम चालवून दाखवला जातो आणि कोडची प्रत कपाटात जाते. तो कोड कोणी वाचत नाही, म्हणून तो वाचनीय असावा असे कोणालाच वाटत नाही.

गावातल्या कामाचेही तेच आहे. बियाण्यांच्या दुकानातला साठ्याचा प्रोग्राम, रोलिंग मिलमधला वजनाचा, मोसंबीच्या व्यापाऱ्याचा हिशेबाचा, सोसायटीचा वसुलीचा. असे प्रोग्राम बहुधा एखाददुसऱ्या तरुणाने लिहिलेले असतात. तो बाहेरगावी गेला की कोणी हात लावायला धजत नाही. मग चालता प्रोग्राम टाकून नवा विकत घ्यावा लागतो. मेथडला नीट नावे दिली असती तर गावातच दुसऱ्याने तो पुढे चालवला असता. ज्या भागातून शिकलेली माणसे सतत बाहेर जातात, तिथे मागे राहणाऱ्याला समजेल असे लिहिणे हे सामाजिक कर्तव्य आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

म्हणून इथल्या तंत्रनिकेतनातल्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. दरवर्षी आदल्या वर्षीचा एक चांगला प्रकल्प निवडा आणि पुढच्या वर्गाच्या हाती द्या. नवे काही करायला सांगू नका. त्यातल्या सर्वांत लांब मेथडच्या आजच्या वागणुकीच्या टेस्ट लिहायला सांगा, मग ती तोडायला सांगा. प्रत्येक तुकड्याला दिलेल्या नावाचे कारण वहीत लिहून घ्या. तोंडी परीक्षेत प्रोग्राम चालवण्याआधी वरच्या मेथडची दहा नावे मोठ्याने वाचून घ्या आणि बाहेरच्या विषयाच्या शिक्षकाला विचारा, यावरून काम कळले का? कळले तर गुण द्या.

विद्यार्थ्यांनीही यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. आज रात्री आपला सर्वांत जुना प्रोग्राम उघडा, त्यातली सर्वांत लांब मेथड काढा आणि तिच्यातल्या एका तुकड्याला खरे नाव द्या. एकच तुकडा. ते नाव शोधताना आपणच लिहिलेले आपल्याला किती कळले होते ते समजेल, आणि तिथून पुढे तुम्ही जे नवे लिहाल ते आधीपासूनच दुसऱ्याला वाचता येईल असे असेल.